ओळखींची सापशिडी

"अरे, त्याची ओळख आहे कंपनीत, म्हणून लागला!" प्लेसमेंटच्या दिवसांत हे वाक्य मेसच्या प्रत्येक टेबलावर एकदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो, थोडा हेवा असतो आणि 'आपलं कोण आहे तिकडे?' असा एक सुस्काराही असतो. गंमत अशी, की हे बोलणारा विद्यार्थी ज्या कॉलेजात चार वर्षं काढतो, तिथूनच दर उन्हाळ्यात शेकडो इंजिनीअर बाहेर पडत असतात. ते त्याच मेसमध्ये जेवलेले असतात, त्याच सरांना व्हायवात घाबरलेले असतात. त्यांच्यापैकी किती जणांशी तो एकदा तरी बोललेला असतो? बहुतेक वेळा उत्तर शून्य असतं.

मित्रहो, हा लेख त्या शून्याबद्दल आहे. व्यावसायिक ओळखी, ज्याला सगळे 'नेटवर्किंग' म्हणतात, त्या वाढवायला खेळाची मदत घेता येते का, कशी घेता येते, आणि तो खेळ कुठे फसतो, हे आपण एखाद्या युनिटसारखं पायरीपायरीने बघू. शेवटी आपल्या हॉस्टेलमध्ये खेळता येईल असा एक पटही मांडला आहे. सबमिशन संपल्यावर वाचलात तरी चालेल!

ओळख म्हणजे वशिला नव्हे

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'ओळख' म्हटलं की लगेच 'वशिला' आठवतो. वशिल्यात लायकी बाजूला राहते आणि नातं पुढे येतं. ओळखीत तसं नसतं. ओळख असलेला माणूस आपल्याला नोकरी देत नाही, तो आपल्याला माहिती देतो. अमुक कंपनीत कोणतं सॉफ्टवेअर वापरतात, इंटरव्ह्यूत काय विचारतात, गेट द्यावी की नोकरी करावी, कोअरमध्ये गेलं तर पहिली दोन वर्षं काय करायला लागतं... या गोष्टी पुस्तकात नसतात, त्या माणसांकडे असतात.

ज्याच्या घरी काका, मामा, आत्या इंजिनीअर आहेत, त्याला ही माहिती दिवाळीच्या फराळाबरोबर फुकट मिळते. ज्याच्या घरातला तो पहिलाच इंजिनीअर आहे, त्याला ती कुणाकडून तरी मागून घ्यावी लागते. आपल्या हॉस्टेलमध्ये दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. म्हणून नेटवर्किंग हा टाय लावून फिरणाऱ्यांचा शौक आहे असं समजून सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही. ज्याच्याकडे आधीपासून ओळखी आहेत त्याचं त्यावाचून अडत नाही. अडतं ते आपलंच.

लांबच्या ओळखींची ताकद

आता थोडी थिअरी. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'कच्च्या धाग्यांची ताकद' अशा अर्थाच्या नावाचा एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांनी नुकतीच नोकरी बदलली होती अशा तांत्रिक, व्यावसायिक आणि व्यवस्थापनातल्या लोकांना त्याने विचारलं, की नोकरीची बातमी ज्याच्याकडून कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी लागलेल्या ५४ जणांची उत्तरं अशी होती: नेहमी भेटणारा १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारा ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारा २७.८ टक्के. म्हणजे बातमी आणणारे बहुतेक लोक जिवलग मित्र नव्हतेच!

कारण सोपं आहे. आपला रूममेट आणि आपण एकाच नोटीस बोर्डासमोर उभे असतो. त्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत आहे. नवीन बातमी येते ती वेगळ्या बोर्डासमोर उभ्या असलेल्या माणसाकडून. दुसऱ्या ब्रँचचा, दुसऱ्या शहरातला, पाच वर्षांपूर्वी पास झालेला माणूस म्हणूनच उपयोगी पडतो.

हा निबंध जुना, नमुना लहान, असं कुणी म्हणेल. पण २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास आला. लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या ओळखी त्यात तपासल्या होत्या. 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशी जी यादी तिथे दिसते, ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या पद्धतीने दाखवून प्रयोग केले गेले होते. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरच्या बाजूचाच निघाला, पण एक दुरुस्ती घेऊन. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडतात त्या मध्यम कच्च्या ओळखी. अगदी घट्टही नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत. नुसतं बटण दाबून जोडलेला अनोळखी माणूस फारसा कामाचा नसतो. ही दुरुस्ती लक्षात ठेवा, पुढे आपल्या खेळाचे गुण याच्यावरच ठरणार आहेत.

मग आपण अडतो कुठे?

फायदा कळला म्हणून काम होतं असं नाही. सकाळी पळायला जाण्याचा फायदाही सगळ्यांना माहीत असतो! ओळख करायच्या बाबतीत आपण तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण निमित्ताची. 'काय म्हणून बोलू?' हा प्रश्न. गेस्ट लेक्चरनंतर पाहुणे चहा घेत उभे असतात आणि आपण सगळे समोशाच्या बाजूला गर्दी करून असतो.

दुसरी अडचण उत्तराची. अभ्यास केला तर निदान टेस्टमध्ये मार्क दिसतात. माणसांशी बोलल्याचा उपयोग दोन वर्षांनी होईल की कधीच नाही, हे कुणी सांगत नाही. फळ दिसत नसलं की हात आपोआप थांबतो.

तिसरी अडचण भीतीची. आपण मेसेज केला आणि उत्तरच आलं नाही तर? इंग्रजी चुकलं तर? एकट्याने नकार पचवणं जड जातं.

निमित्त नाही, लगेच उत्तर नाही, सोबत नाही. आता विचार करा, या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात? खेळात!

खेळात असं काय असतं?

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात खेळाची मजेदार व्याख्या केली आहे. तिचा सारांश असा, की गरज नसलेले अडथळे आपखुशीने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकणं किती सोपं आहे! पण आपण काठीनेच मारायचं ठरवतो आणि त्यात मजा येते. या व्याख्येतला 'आपखुशीने' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. सक्ती आली की खेळाचं पी.टी. होतं.

खेळातले घटक, म्हणजे गुण, पायऱ्या, बिल्ले, टीम, वेळेची मर्यादा, हे खेळाबाहेरच्या कामात वापरणं याला 'गेमिफिकेशन' म्हणतात. सेबास्टियन डिटरडिंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये साधारण अशी व्याख्या मांडली आणि तीच आज सगळीकडे वापरली जाते. शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याला अजिबात नवी नाही.

उखाणा घ्या. नवी सून, घरभर अनोळखी माणसं, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. अशा वेळी 'मोकळेपणाने बोल' असं सांगून कुणी मोकळं होत नाही. पण 'नाव घे' म्हटलं की तिला एक ठराविक चौकट मिळते, दोन ओळींचं यमक मिळतं, आणि ती बोलल्यावर लगेच हशा आणि टाळ्या मिळतात. म्हणजे निमित्त, नियम आणि लगेच उत्तर! संक्रांतीचा तिळगूळ घ्या. वर्षभर ज्यांच्याकडे गेलो नाही त्यांचं दारही त्या दिवशी वाजवता येतं, कारण काय बोलायचं ते वाक्य आधीच ठरलेलं असतं. भिशीचंही तसंच. चिठ्ठी कुणाची निघते ही उत्सुकता आणि दर महिन्याला भेटायचंच हा नियम, एवढ्या जोरावर बायकांच्या किती ओळखी वर्षानुवर्षं टिकल्या आहेत!

लाजाळू माणसाला धीर द्यायचा असेल तर उपदेश करू नका, नियम द्या. हे आपल्या आज्यांना गेमिफिकेशन हा शब्द न ऐकताही कळलं होतं.

शिड्या

व्यावसायिक जगात ज्यांनी हे घटक चांगले वापरले अशी तीन उदाहरणं पाहू.

१) पायरी लहान करणं. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे आपलं प्रोफाइल किती टक्के भरलं ते दाखवणारी एक पट्टी असे, आणि पुढे काय भरलं की ती किती सरकेल तेही लिहिलेलं असे. 'आपला बायोडाटा तयार करा' हे काम डोंगराएवढं वाटतं. 'शिक्षण भरा, पट्टी सरकेल' हे काम दोन मिनिटांचं वाटतं. काम तेच, पण तुकडे पाडलेलं.

२) देणाऱ्याला गुण देणं. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. प्रोग्रॅम अडला की आपण सगळे जिथे जात आलो, तेच ते. तिथे उत्तर लोकांना उपयोगी वाटलं की लिहिणाऱ्याला १० गुण, निरुपयोगी वाटलं की २ गुण वजा, अशी पद्धत बसवली गेली. गुण वाढतील तसे अधिकारही वाढत. इथे गुण स्वतःची जाहिरात करण्याला नव्हते, दुसऱ्याचं अडलेलं काम सोडवण्याला होते. त्यामुळे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या, कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रॅमरला नुसत्या मदतीच्या जोरावर नाव कमावता आलं.

३) ठरलेली वेळ आणि ठरलेला गट. बी.एन.आय. ही छोट्या-मोठ्या व्यावसायिकांची संस्था इव्हान माइस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. भारतातही तिच्या शाखा आहेत. दर आठवड्याला भेटायचं, एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा आणि प्रत्येकाने दुसऱ्याला किती काम मिळवून दिलं याची नोंद ठेवायची. 'जो देतो त्याला मिळतं' हे त्यांचं ब्रीद. म्हणजे इथेही मोजमाप घेण्याचं नाही, देण्याचं!

तिन्ही उदाहरणांत एक समान धागा आहे. जी कृती आपल्या हातात आहे आणि जिचा दुसऱ्याला उपयोग आहे, तिलाच जास्त महत्त्व दिलं की खेळ चांगला चालतो.

साप

आता दुसरी बाजू. आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचं जुनं रूप मोक्षपट. परंपरेनं त्याचं नातं ज्ञानदेवांशी सांगितलं जातं. त्या पटावर शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण लिहिलेले असत. माणूस कशामुळे चढतो आणि कशामुळे घसरतो, हे खेळता खेळता कळावं ही कल्पना. ओळखींच्या खेळात घसरवणारे साप प्रामुख्याने चार आहेत.

पहिला साप, आकड्याचा. लिंक्डइनवर ५०० च्या वर ओळखी गेल्या की प्रोफाइलवर नुसतं '५००+' दिसतं. ही मर्यादा खरं तर शहाणपणाची आहे, त्यापुढे शर्यत लावून दिसण्यात काही फरक पडत नाही. पण तिचाच उलटा परिणामही होतो. '५००+ करायचेच' म्हणून लोक दिसेल त्याला विनंती पाठवत सुटतात. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ असा, की मोजमाप हेच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून बिघडतं. आपल्याकडची पंच्याहत्तर टक्के अटेंडन्स आठवा, नियम लगेच समजेल!

दुसरा साप, बक्षिसाचा. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' भरवू लागली. ओपन सोर्स प्रकल्पांत सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा, असा उपक्रम. हेतू उत्तम होता. नवख्या लोकांची अनुभवी लोकांशी गाठ पडावी. २०२० मध्ये चार सुधारणांवर टी-शर्ट होता. झालं काय, तर हजारो लोकांनी कुणाच्याही प्रकल्पात एखादा शब्द घुसडून 'सुधारणा' पाठवल्या. प्रकल्प सांभाळणारे लोक फुकट काम करणारे. त्यांचे दिवसच्या दिवस हा कचरा काढण्यात गेले. या गर्दीत भारतातले विद्यार्थीही होते, हे वाचताना मान खाली जाते. शेवटी ३ ऑक्टोबर २०२० ला नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतला आहे तिथलंच काम धरलं जाईल. ज्या लोकांशी ओळख व्हावी म्हणून खेळ मांडला, तेच लोक खेळामुळे चिडले!

तिसरा साप, साखळीचा. गिटहबवर पूर्वी प्रोफाइलमध्ये 'सलग किती दिवस काम केलं' हा आकडा दिसायचा. मे २०१६ मध्ये तो काढून टाकला गेला. २०२१ मध्ये मोल्डन, स्ट्रोमायर आणि वॅक्स या संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला, तेव्हा आकडा गेल्यावर लांबलचक साखळ्या सोडून दिल्या गेल्याचं आणि शनिवार-रविवारचं काम कमी झाल्याचं दिसलं. दिवसाला एकच बारीकशी नोंद करून साखळी टिकवण्याचे प्रकारही घटले. म्हणजे बरेच लोक कामासाठी काम करत नव्हते, आकडा तुटू नये म्हणून करत होते.

चौथा साप सगळ्यात विषारी, आवड मारणारा. १९७३ मध्येच लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर शाबासकीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं आणि काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं चित्रांकडे कमी वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे 'हे केलंस तर ते देईन' हा सौदा आपल्या आवडीलाच पोखरतो.

यात आज एक भर पडली आहे. आता मेसेज ए.आय.कडून लिहून घेता येतो. पन्नास माणसांना पन्नास गोड मेसेज पाच मिनिटांत! स्टॅक ओव्हरफ्लोला डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली होती. तेव्हा ज्या खेळात मेसेजची संख्या मोजली जाते, तो खेळ आज माणसांनी खेळण्यासारखा राहिलेलाच नाही.

आपल्या हॉस्टेलचा पट

वरचं सगळं ध्यानात ठेवून एक पट सुचवते. बघा पटतंय का. (शब्दश्लेष चालवून घ्या!)

टीम चार जणांची. चौघं एकाच ब्रँचचे नकोत आणि एकाच वर्षाचे नकोत. खेळ आठ आठवड्यांचा. टेस्ट आणि ओरल्सचे आठवडे त्यात धरायचे नाहीत. मेसच्या दाराशी साठ घरांचा पट आणि प्रत्येक टीमची एक सोंगटी. फासे नाहीत, कारण इथे नशिबाचं काम नाही. सोंगटी पुढे सरकते ती कृतीने.

एक घर: एखाद्या माणसाला पूर्वतयारी करून एक नेमका प्रश्न विचारला. उत्तर येवो अथवा न येवो, घर मिळणारच. विचारणं आपल्या हातात आहे, उत्तर नाही. त्यामुळे नकाराची भीतीही निम्मी होते.

दोन घरं: बोलणं झालं आणि त्याच रात्री वहीत पाच ओळींची नोंद केली.

तीन घरं: ज्युनियरचं किंवा दुसऱ्या टीममधल्या कुणाचं अडलेलं काम सोडवून दिलं आणि त्याने तसं सांगितलं.

चार घरं: मिळालेला सल्ला खरोखर करून पाहिला आणि त्या माणसाला परत कळवलं, की 'तुम्ही सांगितलं ते केलं, असं असं झालं.'

चार घरं: एकमेकांच्या उपयोगी पडतील अशा दोन माणसांची, दोघांनाही आधी विचारून, गाठ घालून दिली.

आता गणित पाहा. एकाच माणसाला नीट प्रश्न विचारला (१), बोलून नोंद केली (२) आणि करून परत कळवलं (४), तर सात घरं होतात. नुसते प्रश्न पाठवून सात घरं करायची तर सात माणसं लागतील. पण नियम असा, की प्रत्येकाने आठवड्यात जास्तीत जास्त दोनच नवीन माणसं गाठायची. म्हणजे सातव्या माणसापर्यंत चौथा आठवडा उजाडेल! चौघांनी प्रत्येकी फक्त दोन माणसांशी ही साखळी पूर्ण केली तरी ५६ घरं होतात आणि एक गाठ घालून दिली की साठ. आठ आठवड्यांत एका विद्यार्थ्याला दोन खरी माणसं. एवढंच. पण लक्षात आलं का, ही दोन माणसं 'मध्यम कच्च्या' ओळखीची आहेत. नुसत्या नावापुरती नाहीत.

सापही सांगते. पहिल्याच बोलण्यात नोकरी किंवा रेफरल मागितलं, पाच घरं खाली. एकच मजकूर दोघांना पाठवला, पाच घरं खाली. दिलेल्या वेळेला फोन केला नाही, पाच घरं खाली. कुणाचा नंबर न विचारता तिसऱ्याला दिला, तर सोंगटी थेट पहिल्या घरात. त्याला माफी नाही.

आणखी चार नियम. एक, साठ घरं पार करणारी प्रत्येक टीम जिंकली, पहिला-दुसरा नंबर नाही. दोन, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट मागायचे नाहीत. समोरच्याने आपल्याशी केलेलं बोलणं हे मेसच्या दाराशी चिकटवायची वस्तू नाही. एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. तीन, अनोळखी माणसाशी बोलणं कॉलेजच्या मेलवरून किंवा माजी विद्यार्थी संघातर्फे सुरू करायचं, स्वतःचा नंबर देण्याची घाई करायची नाही, आणि प्रत्यक्ष भेट कॅम्पसवरच, टीममधल्या एकाला बरोबर घेऊन. मुलींनी तर हे पाळायचंच, पण मुलांनीही पाळायला हरकत नाही. चार, आठ आठवडे झाले की पट पुसायचा. साखळी नाही, रेकॉर्ड नाही. पट पुसल्यावरही ज्यांच्याशी बोलावंसं वाटेल, ती खरी कमाई.

पहिलं घर कोणतं?

'पण विचारायचं कुणाला?' असा प्रश्न येईलच. सुरुवात लांबून करू नका. वर्कशॉपमध्ये लेथ शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरना आपण 'जॉब झाला का सर' यापलीकडे काही विचारत नाही. कारखान्यात काम करून आलेल्या माणसाला शॉप फ्लोअरवर पहिल्या दिवशी काय होतं ते ठाऊक असतं. लॅब असिस्टंट, लायब्ररीतल्या मॅडम, डिपार्टमेंटचे मामा यांनी तर बॅचवर बॅच बाहेर पडताना पाहिल्या आहेत. 'तो अमुक बॅचचा, तो हल्ली अमुक ठिकाणी असतो' ही माहिती कुठल्याही वेबसाइटआधी त्यांच्याकडे असते. मग फायनल इयरचे सीनियर, मग नुकतेच पास झालेले, मग दहा वर्षांपूर्वीचे. पायरीपायरीने.

प्रश्न कसा विचारायचा? समजा, मेकॅनिकलच्या सेकंड इयरच्या एकाला इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये रस आहे. त्याने 'सर, गाइड मी' असं लिहिलं तर समोरच्याने करायचं काय? त्याऐवजी हे पाहा:

'नमस्कार. मी आपल्याच कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपण बॅटरी कूलिंगवर काम करता असं माजी विद्यार्थी संघाच्या यादीत वाचलं. मी हीट ट्रान्सफरचा विषय पुढच्या सेमिस्टरला घेणार आहे. माझा एकच प्रश्न आहे: या कामात तुम्हाला रोज लागणारी, पण कॉलेजात न शिकवली गेलेली गोष्ट कोणती? दोन ओळींत उत्तर दिलंत तरी पुरे. सवडीने द्यावं.'

मी कोण, तुम्हालाच का विचारलं, माझी तयारी काय, एकच प्रश्न, आणि उत्तर लहान चालेल. पाच गोष्टी. हा आपला उखाणा समजा! दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच नम्र आठवण करायची, मग विषय सोडायचा. मनाला लावून घ्यायचं नाही, लोकांना खरंच कामं असतात.

भाषेचा बाऊ करू नका. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी फाडफाड बोलता येणं आणि माणसांशी बोलता येणं यात किती फरक आहे, ते मला चांगलं माहीत आहे. फाडफाड बोलणारा बहुतेक वेळा स्वतःबद्दलच बोलत असतो. आपल्या पटावर बोलण्याला वेगळे गुण नाहीत. विचारण्याला आहेत, ऐकून लिहून घेण्याला आहेत, करून दाखवण्याला आहेत. हे मराठीतून, हिंदीतून, मोडक्या इंग्रजीतून, कशातूनही जमतं. माजी विद्यार्थ्याला आपल्या कॉलेजातून शुद्ध मराठीत पत्र आलं, तर तो कदाचित आधी तेच उघडेल.

स्टाफसाठी दोन शब्द

आदरणीय सर आणि मॅडम, एक विनंती आहे. हा खेळ आवडला तर कृपया त्याला टर्म वर्कचे मार्क जोडू नका आणि प्रमाणपत्रही ठेवू नका. हेतू चांगला असेल, पण त्याच दिवशी बालवाडीतला चौथा साप आपल्या पटावर येऊन बसेल. मार्कांसाठी पाठवलेला मेसेज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो, आणि असे वीस मेसेज आले की तो माजी विद्यार्थी आपल्या कॉलेजचं दार कायमचं बंद करतो. त्याचं नुकसान पुढच्या बॅचेसना सोसावं लागतं.

मदतच करायची असेल तर दोन गोष्टी करता येतील. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी 'मला प्रश्न विचारलेले चालतील' असं स्वतःहून कळवलंय, त्यांची यादी करून ठेवा. हॅक्टोबरफेस्टला उशिरा सुचलेला नियम आपण पहिल्या दिवसापासून पाळू. आणि गेस्ट लेक्चरनंतर पाहुण्यांना लगेच ऑफिसात नेण्याऐवजी अर्धा तास विद्यार्थ्यांमध्ये राहू द्या. समोसे आम्ही जरा लांब ठेवतो!

थोडक्यात

ओळखी वाढवायला खेळ मदत करतो, पण फक्त सुरुवातीपुरती. तो निमित्त देतो, लगेच उत्तर देतो, सोबत देतो. पुढचं काम माणसाने माणसाशी करायचं असतं. खेळात ज्या गोष्टीला गुण द्याल तीच गोष्ट वाढते. संख्येला गुण दिले तर संख्या वाढेल, उपयोगी पडण्याला गुण दिले तर उपयोगी पडणारी माणसं वाढतील. म्हणून पट मांडण्याआधी गुण कशाला द्यायचे हे ठरवायला बसा, बाकीचं सजावटीचं काम आहे.

आणि ज्याच्या घरातला तो पहिलाच इंजिनीअर आहे, त्याच्यासाठी एक गोष्ट. आज तुम्ही ज्या माणसाला प्रश्न विचाराल, तोही कधीतरी कुणाच्या तरी घरातला पहिलाच असेल. आठ-दहा वर्षांनी असाच एक प्रश्न तुमच्याकडे येईल. त्याला दोन ओळींत का होईना, उत्तर नक्की द्या. त्याला घरं मिळणार नाहीत, पण पट चालू राहील.